शेवटून दुसऱ्या प्रकरणातलं मरण

मास्तरीण वागायला चुकली होती. चुकली ती चुकली, वर तोंड चुकवत होती, आणि काकूच्या मते हे दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. माणसानं चुकावं, पण समोर येऊन चुकावं. ही बाई कित्येक दिवसांत लाँड्रीच्या पुढच्या दारानं आलीच नव्हती. वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून मागच्या जिन्यानं उतरायची, पिशवी पोटाशी धरायची आणि गल्लीच्या भिंतीला अंग घासत सटकायची. पिशवीत चोरीचा माल असल्यासारखी. काकूनं खिडकीतून हाक मारली तर म्हणे, "येते गं, घाईत आहे." निवृत्त झालेल्या बाईला कसली आलीय घाई? शाळेची घंटा आता तिच्यासाठी वाजत नव्हती.

काकू म्हणजे लाँड्रीची मालकीण. अख्खा रस्ता तिला काकू म्हणायचा, सून तेवढी आई म्हणायची, आणि मास्तरीण एकटी तिला 'कडक' म्हणायची. हे नाव कपड्यांना घालायच्या कांजीवरून पडलं की स्वभावावरून, ते दोघींनी कधी ठरवलं नव्हतं. काकू शाळेत जेमतेम गेली होती. बेरीज-वजाबाकी आली, दुकानांच्या पाट्या वाचता यायला लागल्या, तसं घरच्यांनी तिला काढून कपड्यांच्या टबाशी उभं केलं. त्यामुळे लांबलचक मजकूर पुढे आला की ती "चष्मा नाही गं आत्ता" म्हणायची. चष्मा गळ्यात लटकत असायचा. तो दिसत असूनही कुणी काही बोलत नसे, कारण बोललेल्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

दोघींची मैत्री चादरींनी जुळवली. लाँड्रीत दवाखान्याच्या चादरी यायच्या, हॉटेलांच्या टेबलांवरचे मोठमोठे मेजपोस यायचे, आणि एवढ्या कापडाची घडी एकट्या माणसानं होत नाही. मास्तरीण वरच्या खोलीत नवी राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. आपला कोट घ्यायला काउंटरशी थांबली होती, तरुण, बारकी, हातात पुस्तक. घडीवाली बाई त्या दिवशी आलेली नव्हती. काकूनं तिच्याकडे पाहिलं आणि चादरीचं टोक तिच्या हातात कोंबलं. "उभीच आहेस तर धर." तिनं धरलं. मग रोज शाळा सुटली की ती येऊन धरायला लागली. ताणायचं, झटकायचं, पुढे यायचं, टोकाला टोक लावायचं, पुन्हा मागे जायचं. या येण्याजाण्यात दोघींचं आयुष्यभराचं बोलून झालं. काकूच्या नवऱ्याचं आजारपण, मास्तरणीच्या हेडमास्तरचा खवटपणा, काकूच्या मुलाचं लग्न, मास्तरणीनं न केलेलं लग्न. भांडणंही तिथेच व्हायची. एकदा तर सबंध उन्हाळा त्या एकमेकींशी न बोलता घड्या घालत होत्या. त्या उन्हाळ्यात घड्या इतक्या सरळ पडल्या की दवाखान्यातून कौतुकाचा निरोप आला.

मास्तरीण निवृत्त झाली आणि तिनं कादंबरी लिहायला घेतली. दोन मैत्रिणींची. एक मास्तरीण, एक लाँड्रीवाली. काकूला तिनं विचारलं तेव्हा काकू म्हणाली होती, "लिही. पण मला गोड करू नकोस. गोड बायका मला सोसत नाहीत." एकेक प्रकरण झालं की ती खाली येऊन चादरी दाबायच्या रोलरच्या बाजूला बसून वाचून दाखवायची आणि काकू इस्त्री थांबवून ऐकायची. मध्येच हुकूम सोडायची. मला थोडी उंच कर. त्या पडद्यांच्या भांडणात मी जिंकले होते, तसं लिही. नव्हती जिंकलीस म्हटलं तर, मग आता जिंकव, तुझ्या हातात लेखणी आहे ना! मास्तरीण कुरकुरत जिंकवायची. शेवटी तर काकूला पुस्तक स्वतःच्या डोळ्यांपेक्षा लाडकं झालं. शेवट असा होता की दोघी म्हाताऱ्या एका मेजपोसावरच्या कॉफीच्या डागावरून भांडतायत, जाईल का नाही जाणार, एकही माघार घेत नाही, आणि शटर खाली येतं तरी आतून भांडण ऐकू येत राहतं. हे ऐकून काकू म्हणाली, "भांडण मिटवलं नाहीस, ते बरं केलंस." तिच्या तोंडून याहून मोठी पावती कुणाला मिळाली नव्हती.

मग ते एजंटचं सुरू झालं.

"एजंट म्हणजे?" काकूनं विचारलं होतं.

"लेखकाकडून पुस्तक घेऊन प्रकाशकापर्यंत पोचवणारा माणूस."

"म्हणजे दलाल."

"एजंट गं."

"दलालच की. घराचा असतो, गाडीचा असतो, आता पुस्तकाचा. बरं, मग?"

"त्याला पत्र लिहायचं असतं. आणि पत्रात सांगायचं असतं की माझी कादंबरी अमुक पुस्तकासारखी आहे आणि तमुक पुस्तकासारखी आहे. अशी दोन पुस्तकं निवडायची."

काकूला हे काही झेपलं नाही. एवढं राबून लिहायचं आणि वर आपणच सांगायचं की हे दुसऱ्यासारखं आहे? पण मास्तरणीनं समजावलं. दुकानदाराला कळायला हवं ना, पुस्तक कुठल्या फळीवर ठेवायचं, कुणाला दाखवायचं. हे काकूला पटलं. शर्ट शर्टांत जातात, पडदे पडद्यांत जातात. "मग सगळ्यात जास्त खपलेलं जे पुस्तक असेल त्याचं नाव ठोक," ती म्हणाली.

"तसं चालत नाही. फार गाजलेलं टाकलं तर म्हणतात बाई शेफारली. खपलेलं तर हवं. अलीकडचं हवं, जुनं नको. आपल्यासारखं हवं, पण अगदीच आपल्यासारखं नको, नाहीतर मग आपलं कशाला हवं?"

"तू पुस्तक शोधतेस का भाडेकरू?" काकू म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की हातातली चादर जमिनीला लागून पुन्हा धुवायला टाकावी लागली.

ते शेवटचं हसणं. त्यानंतर मास्तरीण आधी कमी यायला लागली आणि मग मागच्या जिन्याची झाली.

बिंग फोडलं ते सुनेनं. सून काउंटरवर बसायची. बोलायची कमी, पण बोलली की काकूलाही उत्तर शोधावं लागे. एका दुपारी काकू मास्तरणीच्या नावानं खडे फोडत होती, अजून पुस्तकं सापडली नसतील म्हणून तोंड लपवत असेल, वगैरे. सून हँगर लावता लावता म्हणाली, "पुस्तकं तर कधीच निवडली त्यांनी. ग्रंथालयातून दोन्ही मीच आणून दिली."

"तू? मला नाही बोललीस?"

"त्या म्हणाल्या, आईंना सांगू नकोस."

"आणि तू सांगितलं नाहीस!"

"आत्ता सांगितलं ना."

काकूनं इस्त्री उभी केली. मैत्रीण आपल्यापासून लपवते, ती सुनेला सांगते, आणि सून पोटात ठेवते. तिघींच्या घरात ती एकटी परकी. "तीच पुस्तकं पुन्हा आण," ती म्हणाली. "आणि वाचून दाखव. माझा चष्मा नाहीये."

सुनेनं तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि ती ग्रंथालयात गेली.

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा वाचन सुरू झालं. सून काउंटरवरच्या उंच स्टुलावर, काकू आपल्या टेबलाशी, आणि घड्या घालणारी शिडी तिच्यासमोर. शिडी म्हणजे खरोखर शिडीएवढी उंच बाई, वरच्या फळीवरचे गठ्ठे ती हात वर करून काढायची. पहिल्या पुस्तकाचं नाव 'निळ्या फाटकापलीकडे'. त्यात एक डॉक्टरीणबाई आणि तिची मैत्रीण, पाव भाजणारी. पाववाली मोठ्यानं हसायची, कुणालाही पोटाशी धरायची आणि डॉक्टरणीचं काही बिनसलं की पाव मळता मळता एक शहाणपणाचं वाक्य टाकायची. काकूला ती आवडली नाही. "एवढी हसते कशाला? भट्टीपुढे उभी राहून बघ म्हणावं, हसू येतं का." पण शिडीला ती फार आवडली. पुस्तक संपत आलं तसा पाववालीला खोकला सुरू झाला.

"मेली," शिडी म्हणाली.

"अगं, नुसती खोकलीय," सून म्हणाली.

"पुस्तकात कुणी उगाच खोकत नाही, वहिनी."

आणि मेलीच. शेवटून दुसऱ्या प्रकरणात, डॉक्टरणीचा हात हातात घेऊन. शेवटच्या प्रकरणात डॉक्टरीण समुद्रावर गेली आणि तिला आयुष्याचा अर्थ कळला. शिडीला एवढं रडू आलं की इस्त्री हॉटेलच्या रुमालावर तशीच राहिली आणि त्यावर तपकिरी त्रिकोण उमटला. काकूनं तिला झापलं, पण झापतानाही तिचं लक्ष झापण्यात नव्हतं.

दुसरं पुस्तक 'तिच्या वाटची खुर्ची'. चित्रं काढणारी एक बाई आणि तिची शिवणकाम करणारी शेजारीण. यातली शेजारीण खोकली नाही. काकूनं सुटकेचा निःश्वास सोडला. मग ती जिन्यात एकदा धापा टाकत थांबली, आणि शिडीनं आधीच रुमाल काढला. पुन्हा शेवटून दुसरं प्रकरण. पुन्हा हातात हात. मरता मरता शेजारीण म्हणाली, "तुझ्यामुळे मला रंग दिसले," आणि चित्रवाल्या बाईनं तिचं चित्र काढून मोठं बक्षीस मिळवलं.

सुनेनं पुस्तक मिटलं.

"दोन्हीकडे मीच मेले," काकू म्हणाली.

"तुम्ही कशाला, आई? ती तर..."

"शिकलेली ती मास्तरीण. न शिकलेली ती मी. दोन्ही पुस्तकांत न शिकलेली मेली आणि शिकलेलीचं भलं झालं. मला मूर्ख समजू नकोस." आणि एवढं बोलता बोलता तिला आणखी काही आठवलं आणि ती एकदम स्टुलावर बसली. लपायला लागण्याच्या आधी मास्तरीण चमत्कारिक प्रश्न विचारायची. तुला हल्ली धाप लागते का गं? ताप आला की तुझे ओठ कोरडे पडतात का? आजारी असलीस की तू उजव्या कुशीवर झोपतेस की डाव्या? काकूला केवढं भरून आलं होतं! मास्तरीण माझ्या जिवाला किती जपते, असं ती औषधाच्या दुकानात सांगून आली होती, बेकरीत सांगून आली होती, टेम्पोवाल्याला थांबवून सांगितलं होतं. आणि ती बाई काय करत होती? मापं घेत होती!

"बदललाय तिनं शेवट," काकू म्हणाली. "मला मारलंय."

शिडीनं तोंडावर हात ठेवला. सून म्हणाली, "विचारा ना त्यांना सरळ."

"विचारणार तर आहेच. पण रिकाम्या हातानं जायची नाही मी." काकू उठली. "दोघी मैत्रिणी शेवटपर्यंत जिवंत राहतात असं पुस्तक पाहिजे मला. एक तरी असेल जगात. शोधा."

मग लाँड्रीतल्या सगळ्यांना तेच एक काम लागलं. सून ग्रंथालयातल्या फळ्या उपसून आली. मैत्रिणींची पुस्तकं पुष्कळ होती, पण कुणी बुडत होतं, कुणी गाडीखाली येत होतं, एकीवर तर वीज पडली. ग्रंथपालानं विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय, तर ही म्हणाली, दोघी जगलेल्या हव्यात. तो म्हणाला, असं कुणी मागत नाही. शिडीनं तिच्या बहिणीकडून एक पुस्तक आणलं, दोन मैत्रिणी डोंगर चढतात ते, आणि त्यातल्या दोघीही परत आल्या होत्या, पण परत आल्यावर एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. टेम्पोवाला मोठ्या आशेनं एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. ते दोन बायकांनी मिळून लिहिलेलं लोणच्या-मुरंब्यांचं पुस्तक निघालं. "दोघी जिवंत आहेत, काकू," तो म्हणाला, "मागे फोटो आहे." काकूनं त्याला हाकललं.

शेवटी एकच हाती लागलं, तेही लहान मुलांच्या कपाटातून. दोन बदकांची गोष्ट. दोन बदकं एकाच तळ्यात राहतात, सारखी भांडतात, तळं आटतं, दुसरं तळं शोधतात आणि तिथे जाऊन भांडतात. काकूनं ते स्वतः हातात घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. शेवटच्या चित्रात दोन्ही बदकं होती. ती चांगली गुबगुबीत होती, आणि एकाची चोच उघडी होती. ते काखोटीला मारून, भर कामाच्या वेळी टेबल सोडून, ती मागच्या जिन्यानं वर गेली. पुढच्या जिन्यानं गेली असती तर मास्तरणीला मागून सटकता आलं असतं.

मास्तरणीची खोली म्हणजे एक पलंग, एक टेबल आणि बाकी सगळी पुस्तकं. खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकं, खुर्चीवर पुस्तकं, स्टोव्हजवळच्या फळीवर डब्यांच्या मागे पुस्तकं. ती टेबलाशी बसली होती. काकूला दारात पाहिलं आणि तिनं पुढ्यातल्या कागदांवर हात ठेवला, शाळेत पोरं वहीवर ठेवतात तसा.

"खुर्ची रिकामी कर," काकू म्हणाली. "मेलेल्या बाईला फार वेळ उभं राहवत नाही."

मास्तरणीचा चेहरा उतरला. तिनं पुस्तकं उचलून पलंगावर ठेवली. काकू बसली.

"कशानं मेले?"

"कडक, ऐक..."

"कशानं?"

"न्यूमोनियानं."

"शेवटून दुसऱ्या प्रकरणात?"

"हो."

"जवळ कोण होतं?"

"मीच. दुसरं कोण असणार?"

"आणि लाँड्री?"

मास्तरीण खाली बघत म्हणाली, "बंद पडली."

"बंद?" इतका वेळ दाबून धरलेला काकूचा आवाज सुटला. "बंद पडली? मी मेले ते मेले, दुकान कशानं मेलं? सून काय करत होती माझी?"

"सून त्या प्रकरणात नाहीये."

"बघ! म्हणून मेले मी. ती असती तर तिनं मरू दिलं नसतं, मग तिच्यावर ओरडणार कोण?"

मास्तरणीला हसू येत होतं आणि येऊ नये म्हणून ती धडपडत होती. मग ती बोलायला लागली ते एका दमात. एक एजंटबाई होती. तिला कादंबरी आवडली होती. तिनं आपणहून फोन केला होता, इतक्या पत्रांत पहिलाच फोन. ती म्हणाली, बायका छान उतरल्यात, पण शेवटी कुणी काही गमावतच नाही हो. वाचकाला रडायचं असतं. मैत्रीची पुस्तकं बघा, आणि तिनं ती दोन पुस्तकं सांगितली. अशा शेवटाचं करून पाठवा, पत्रात याच दोन पुस्तकांची नावं घाला, मी पुढे नेते. "मी नाही म्हणायला हवं होतं," मास्तरीण म्हणाली. "नाही म्हटलं. आठवडाभर मनातल्या मनात नाहीच म्हणत होते. मग लिहून बसले. आणि लिहिल्यावर तुझ्यासमोर यायला धजले नाही. वर तुला मारायचं आणि खाली येऊन तुझ्याबरोबर चादर धरायची, जमेना मला."

"वाच," काकू म्हणाली.

"काय?"

"मरण. माझं आहे ना? मला ऐकू दे."

मास्तरणीनं वाचलं. खिडकीतून रोलरचा आवाज येत होता. आजारी बाई उजव्या कुशीवर झोपली होती. ओठ कोरडे होते. आपल्या पलंगावरच्या चादरीला कांजी जास्त झालीय म्हणून ती कुरकुरत होती. पुढे पुढे काकूनं डोळे मिटून घेतले. मिटले तरी पाणी यायचं ते आलंच, आणि तिनं ते पदर-रुमाल काही न शोधता सरळ तळहातानं पुसलं, टेबलावर सांडलेलं पाणी पुसावं तसं.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली.

मास्तरणीनं मान वर केली.

"कांजीचं तर फारच बरोबर. पण शेवटी ते काय म्हणते मी? परत वाच."

मास्तरणीनं हळू आवाजात वाचलं, "'तू मला जग दाखवलंस. तुझे आभार मानायचे राहिले होते.'"

"मी म्हणते हे?"

"ती म्हणते."

"आभार! मी! तुझे!" काकू उभी राहिली. "अगं, माझा नवरा गेला तेव्हा तू माझ्या शेजारी बसून राहिलीस, तेव्हा तरी मानले का मी आभार? तुला कावीळ झाली होती तेव्हा महिनाभर मी तुला जेवू घातलं, तू मानलेस? मिठाशिवाय जेवण नको म्हणून माझ्याशी भांडलीस. आभार मानायला आपण काय शेजाऱ्याची परात मागून आणलीय? आणि तू मला जग दाखवलंस म्हणे! कुठलं गं जग? दोघी मिळून त्या काउंटरच्या पलीकडे किती वेळा गेलो?"

आता मास्तरीणही उठली. तिचीही सहनशक्ती काही अमर्याद नव्हती. "आता तुला खऱ्याखोट्याचं पडलंय! मला उंच कर म्हणालीस तेव्हा? पडद्यांच्या भांडणात तू सपशेल हरली होतीस, जिंकवलं मी तुला! तेव्हा चाललं खोटं?"

"उंच करणं वेगळं आणि आडवं करणं वेगळं!"

मास्तरीण पलंगावर पुस्तकांच्या ढिगाशेजारी बसली. बसली ती लहान दिसायला लागली, पहिल्या दिवशी कोट घ्यायला आली होती तेवढी. "मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचं लिहिलेलं तपासलं, कडक," ती म्हणाली. "मला एकदा, फक्त एकदा, दुकानाच्या काचेत माझं नाव बघायचंय. तू मेलीस तर ते होतं. नाही मेलीस तर कदाचित कधीच होणार नाही. आता सांग. तुझ्या तोंडानं सांग."

काकू पुन्हा खुर्चीत टेकली. ही बाई खोटं बोलत नव्हती. काचेतलं नाव काकूनंही मनात पाहिलं होतं. पुस्तक आलं की रस्त्यावरच्या प्रत्येकाला बोट दाखवून ही उंच बाई मी असं सांगायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. एक हो म्हटलं की ते सगळं येणार होतं. जिवंत माणसानं पुस्तकात मरायला तसं काय लागतं? दुखत तर नाही.

पण दुखत होतं. पुस्तकातली ती बाई नुसती मरत नव्हती, ती मऊ होऊन मरत होती. कांजी सगळी निघून गेल्यासारखी. ते वाचून लोक म्हणणार होते, किती गोड बाई होती बिचारी.

"नाही मरणार मी," काकू म्हणाली.

मास्तरणीनं होकाराची मान हलवली. मग तिनं ते प्रकरण उचललं आणि दोन्ही हातांनी धरलं. फाडायच्या बेतानं.

"फाडू नकोस!" काकू ओरडली. "एवढं छान लिहिलंयस. ठेव जपून. मी खरंच मेले की वाच सगळ्यांसमोर. फक्त ते आभार काढ."

मास्तरणीच्या तोंडून हसणं निघालं की हुंदका, ते तिचं तिलाच माहीत. तिनं प्रकरण खणात ठेवलं. मग पत्र पुढे ओढलं, 'निळ्या फाटकापलीकडे' खोडलं, 'तिच्या वाटची खुर्ची' खोडलं, आणि पेन त्या मोकळ्या जागेवर धरून म्हणाली, "आता इथे काय लिहू? काहीतरी लिहावंच लागतं."

काकूनं काखेतलं पुस्तक टेबलावर आपटलं.

मास्तरणीनं पानं उलटली. "बदकं?"

"दोन्ही जिवंत आहेत. मी शेवटपर्यंत बघितलंय."

"कडक, हे बालवाडीचं पुस्तक आहे. हसतील मला. पत्र सरळ कचऱ्याच्या टोपलीत जाईल."

"किती दलाल आहेत जगात?"

"पुष्कळ."

"मग टोपल्या पण पुष्कळ असतील. घाल एकेकीत. त्यातली एखादी बाई तरी अशी निघेल की जिची मैत्रीण अजून तिच्याशी भांडतेय."

मास्तरणीनं तिच्याकडे पाहिलं, बदकांकडे पाहिलं, आणि मग पोरांच्या वहीत लिहायची त्या वळणदार अक्षरात त्या पुस्तकाचं नाव पत्रात लिहून टाकलं. त्यापुढे एक ओळ आणखी लिहिली आणि मोठ्यानं वाचली, "'माझ्या कादंबरीत कुणीही मरत नाही, आणि यात बदल होणार नाही.'" वाचताना तिची हनुवटी वर गेली होती. वर्गात शिरताना जायची तशी.

"हे बरं आहे," काकू म्हणाली.

मास्तरणीनं पेनाचं टोपण लावलं, चष्मा काढला, पायात चप्पल सरकवली आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात म्हणाली, "चल, येते खाली. चादरी पडल्या असतील."

काकू दारात आडवी उभी राहिली. उंच ती पुस्तकातच होती, पण दार अडवायला तेवढी उंची पुरली.

"थांब. एवढ्यावर सुटली नाहीस तू," ती म्हणाली. "लिहितेस तू छान. मला रडवलंस, ते मी कुणाला सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. पण वर्गात पोरांना छडी दाखवणारी बाई तू, आणि एका दलालिणीच्या एका फोनवर मैत्रीण मारून मोकळी झालीस! वर मागच्या जिन्यानं पळतेस, आणि माझ्या सुनेला गप्प राहायला शिकवतेस. लेखिका म्हणून तुला काय मार्क द्यायचे ते त्या टोपल्यावाल्या बायका देतील. मैत्रीण म्हणून या खेपेला तू नापास. सपशेल नापास. त्याच वर्गात बसायचंय तुला आता, माझ्यासमोर, आणि मी काही लवकर मरणारी बाई नाही."